त्रेसष्ट भट्ट्या आणि एक सुधारित भट्टी

उत्पादन वाढवण्याचे मार्ग दोनच: आहे ते यंत्र सुधारावे, किंवा तसलीच आणखी आणावीत. दोन्ही मार्ग निर्दोष आहेत. फक्त ते एका घरात असू नयेत.

म्हैसूरजवळच्या हूटगळ्ळीतले त्र्यंबक आणि सुनंदा देशमाने हे सांगलीहून आलेले नोकरदार जोडपे. मुलगी ईश्वरी शिकायला मंगळुरूला गेली, तेव्हा तिने दोघांच्या लॅपटॉपवर ठोकळ्यांच्या जगाचा एक खेळ टाकून दिला. हौशी लोकांनी त्यात यंत्रांची भर घातलेली: खनिज आपोआप खणले जाते, भट्टीत वितळते, लोखंड पेटीत पडते.

"फोनवर आपण 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही," ईश्वरी म्हणाली. "दर रविवारी सकाळी इथे भेटू, मिळून एक घर बांधू. दाराला लोखंडाच्या सहा पट्ट्या लागतील, तेवढ्या करून ठेवा."

सहा पट्ट्यांना एक भट्टी पुरली असती. (हे मागाहून सुचले.) त्र्यंबकराव कारखान्यात उत्पादन विभागात असल्याने त्यांनी पहिल्याच आठवड्यात बारा भट्ट्या मांडल्या, महिनाभरात त्रेसष्ट. सुनंदाबाई सॉफ्टवेअरमध्ये, त्यांनी एकच भट्टी चौथ्या श्रेणीला नेली. या श्रेणीवाढीला लागणारे लोखंड त्र्यंबकरावांच्या भट्ट्यांतून जाई. सुनंदाबाई याला सहकार्य म्हणत.

"तुझी एक बंद पडली की सगळंच बंद," त्र्यंबकराव म्हणाले.

"आणि तुझ्या त्रेसष्ट चालू झाल्या की खेळच अडकतो. त्यातली मेंढी पाऊल उचलते ती दोन मिनिटांनी टेकवते."

निवाड्यासाठी शेजारच्या हणमंतरावांना पाचारण करण्यात आले. घराणे चार पिढ्या म्हैसुरात, शिवणकामाचे दुकान, म्हणजे यंत्रांचा अनुभव दांडगा. त्यांनी पडदा नीट पाहिला.

"नोडी, बघा, माझ्याकडे आठ मशिनी. त्यातल्या चार सुम्मने, उगीच उभ्या. तुम्ही एवढ्या लोखंडाचं करणार काय?"

हे मत विषयाला सोडून असल्याचे पतिपत्नींनी ठरवले. या वादातले हे त्यांचे पहिले एकमत.

ईश्वरी दर रविवारी खेळात येई. भिंती तिने एकटीनेच रचल्या. आईबाबा हजर असत, पण कामात असत. पाचव्या रविवारी तिने विचारले, "त्या सहा पट्ट्या मिळतील का?"

पेटीत एक्केचाळीस हजार होत्या.

"आत्ता नको गं," बाबा म्हणाले. "पुढच्या वाढीला लागणार आहेत." आईने दुजोरा दिला. (एकमत दुसरे.)

पुढच्या रविवारी ईश्वरी आली नाही. त्या दिवशी उत्पादन विक्रमी झाल्याने हे बुधवारी लक्षात आले. सुनंदाबाईंनी फोन केला.

"मी लाकडी दार लावलं, आई," ईश्वरी शांतपणे म्हणाली. "चांगलं आहे. तुमचं चालू द्या."

फोन ठेवल्यावर सुनंदाबाईंनी लाकडी दाराचे त्र्यंबकरावांना सांगितले. त्र्यंबकरावांनी त्रेसष्ट भट्ट्या एकेक करून मोडल्या. सुनंदाबाईंनी आपली एक मोडली. तिलाही तेवढाच वेळ लागला.

रविवारी दोघे मुलीच्या घरापाशी गेले. खेळात दार ठोठावायची सोय नाही, म्हणून नुसतेच बाहेर उभे राहिले. बऱ्याच वेळाने दार उघडले.

"या आत," ईश्वरी म्हणाली. "पण कशात काही सुधारणा सुचवायची नाही."

त्रेसष्ट बऱ्या की सुधारलेली एक, हा प्रश्न त्यामुळे अनिर्णित आहे. वाचकांचे मत एव्हाना बनले असेलच. ते आधी घरच्यांना ऐकवावे. आणि घरचे कोणत्या खोलीत आहेत हे चटकन सांगता येत नसेल, तर मत राहू द्यावे.