खालचा माणूस

रामटेके गुरुजी बल्ब बदलायलासुद्धा एकटे स्टुलावर चढत नाहीत. भिंतीपलीकडून हाक येते, "विलास, घरी आहेस का?" मी जातो. गुरुजी स्टुलाशेजारी उभे असतात, हातात नवा बल्ब, डोक्यावर पिवळं हेल्मेट. दुसरं, लाल, ते माझ्याकडे देतात. मी ते घालतो, मग ते चढतात. स्टूल असेल दीड हात उंच.

"खालचा?" ते वरून विचारतात.

"आहे," मी म्हणायचं. त्याशिवाय बल्ब फिरत नाही.

"खाली माणूस नाई, तर वर माणूस नाई," हा त्यांचा नियम. तो मुळात टॉवरचा. आमच्या मूल गावात त्यांच्या मागच्या अंगणात चिंचेच्याही वर गेलेला लोखंडी टॉवर आहे, तीन बाजूंनी तारांनी ताणून धरलेला. त्यातली एक तार माझ्या अंगणात खुंटीला बांधलेली आहे आणि बायको तिच्यावर कपडे वाळवते. टॉवरच्या डोक्यावर माशाच्या काट्यासारखी अँटेना. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या माणसाला दूरदूरच्या अनोळखी माणसांशी बोलायच्या या हौशी रेडिओचा नाद कुठून लागला, मला माहीत नाही. सरकारी परवाना मात्र बैठकीत बुद्धाच्या तसबिरीशेजारी काचेत लावलेला आहे.

गावाबाहेरच्या लोकांना तो मोबाइलचा टॉवर वाटतो. एकदा आरमोरीकडचा एक माणूस थेट अंगणात आला. "भाऊ, आमच्या गावात रेंज नाई येऊन राह्यली." टॉवर तो नव्हे, एवढं सांगून त्याला वाटेला लावता आलं असतं. गुरुजींनी नकाशा पसरला. गाव कुठी, डोंगरी कोणत्या बाजूला, मध्ये जंगल किती, सगळं विचारून लहरी तिथपर्यंत का पोचत नाहीत ते त्याला चहा पाजून समजावलं. "पहिल्यांदा कोणी धड ऐकून घेतलं," जाताना तो मला म्हणाला. त्याची रेंज कशी येणार होती, ते मला समजलं नाही. त्यालाही समजलं नसावं. पण खूश होऊन गेला.

एका संध्याकाळी रेडिओवर ब्राझीलचा माणूस लागला. गुरुजींनी त्याला आपलं नाव सांगितलं, तुमचा आवाज स्वच्छ येतो म्हणून सांगितलं आणि मूलला फार गरमी आहे, असं सांगितलं. तो म्हणाला, इकडे पाऊस आहे. मग दोघांनी एकमेकांचे आभार मानले आणि संपलं.

"गुरुजी, गरमी आहे हे सांगायला एवढं लोखंड?"

"त्याले माहीत नव्हतं ना," गुरुजी म्हणाले.



खालच्या माणसाचं काम सोपं वाटतं, पण नाही. रविवारी सकाळी गुरुजी पट्टा बांधून वर जायचे. मी खाली दोरी धरून उभा. दोरीला बादली, बादलीत नट आवळायचे पाने, टेप, नट. मान सतत वर. रस्त्यावरून कोणी हाक मारली तर ओ द्यायची नाही, नाक खाजवायचं तर वर पाहूनच. लाल हेल्मेट मला घट्ट व्हायचं आणि त्याच्या आत अडकलेली एक केसाची पिन डोक्याला टोचायची. जुन्या बाजारातून आणलं असेल, असं मी धरून चाललो होतो. वांदरं मात्र टॉवरवर खुशाल चढायची. गुरुजी खालून ओरडायचे, "अबे, खाली कोण आहे तुह्या?" एखादं वांदर खरंच खाली पाहायचं.

आता खरं सांगतो. मी कमी बोलणारा माणूस, राइस मिलमध्ये हिशेब लिहितो. कोणाला नाही म्हणणं मला जमत नाही. गुरुजी वरून म्हणायचे, "केबलात पाणी शिरलं दिसते." मी म्हणायचो, "हो." ते म्हणायचे, "आता सुधरलं." मी म्हणायचो, "हो." बिघडलं काय अन् सुधरलं काय, मला कशाचाच पत्ता नव्हता.

मग नागपूरहून त्यांच्या मुलीचा, पोर्णिमाचा फोन आला. "काका, बाबांचे गुडघे पाहिले ना तुम्ही? माझं ऐकत नाहीत. तुम्ही खाली उभे राहिले नाही तर ते चढणारच नाहीत. एवढं करा."

तिलाही मी हो म्हटलं.

रविवारी गुरुजी बादली घेऊन आले. तोंडावर सांगायची हिंमत होईना. म्हटलं, "खांदा दुखते, गुरुजी. दोरी धरवत नाही."

"कोणता?"

मला जरा विचार करावा लागला. "उजवा."

दुसऱ्या दिवशी ते मोहाच्या बियांच्या तेलाची बाटली घेऊन आले. एटापल्लीच्या कोण्या जुन्या विद्यार्थ्यानं दिलेली. स्वतः चोळून दिलं. मग रोज येऊ लागले. मी पाट मांडून बसायचो, ते चोळायचे. एकदा चुकून मी डावा खांदा पुढे केला. त्यांनी डावाच चोळला.

तिकडे वांदरांनी केबल कुरतडली. ती लोंबकळत राहिली. गुरुजी खाटेवर बसून तिच्याकडे पाहायचे, चढायचे नाहीत. एका संध्याकाळी पाहिलं तर त्यांची बैठक अंधारात. विचारलं, लाइट गेली का? म्हणाले, "नाई, बल्ब गेला. झाले आठ-दहा दिवस."

नवा बल्ब स्टुलावर ठेवलेला होता.

मग माझ्याच्यानं राहवलं नाही. "गुरुजी, माझा खांदा दुखत नाही. पोर्णिमानं सांगितलं होतं, म्हणून खोटं बोललो."

"माहीत आहे. दोन्ही खांदे पाळीपाळीनं दुखणारा माणूस मी पहिल्यांदा पाह्यला."

"आणि त्या अँटेनातलं मला काही समजत नाही. नुसता हो म्हणायचो."

"तेही माहीत आहे."

"मंग मले काऊन बोलवत होते जी?"

अंधारात ते लाल हेल्मेट हातात फिरवत होते.

"वर दरवेळी काही बिघडलेलं नसे, विलास. पोर्णिमाची आई होती तवा ती उभी राहे. तिलेही काही समजत नसे. पण मी वर असलो की तिची नजर हलत नसे. भाजी करपो, गाय सुटो. खाली उतरलो की मंग कोण कोणाकडे पाह्यते? ती तिच्या कामाले, मी माह्या रेडिओच्या सेटाले."

मी हेल्मेट त्यांच्या हातून घेतलं. आतली पिन बोटाला लागली. एवढी वर्षं टोचत होती, तरी मी ती कधी काढली नव्हती.

"पोरीले सांग, टॉवरवर नाई चढत आता," ते म्हणाले. मग नवा बल्ब उचलून म्हणाले, "स्टूल चालते का, तेवढं विचार तिले."

मी हेल्मेट घातलं. ते गुडघ्यावर हात देत स्टुलावर चढले.

"खालचा?"

"आहे."

बल्ब लागला. उजेडात त्यांचे पाय माझ्या छातीपेक्षाही खाली दिसत होते. काम झालं होतं, पण ते लगेच उतरले नाहीत. मीही मान खाली केली नाही.