सगुणा वाटाडीचे स्वामित्व

खेळाचे पुस्तक छापायचे बंद झाले की त्यातली पात्रे शेवटची प्रत ज्याच्या घरी असेल त्याच्याकडे राहायला येतात, हे सर्वांनाच ठाऊक आहे. त्यामुळे दारात सगुणा वाटाडी उभी दिसली, तेव्हा शालन करंदीकरांना आश्चर्य वाटले नाही. राग मात्र आला.

मोरेश्वर जाऊन चार महिने झाले होते. तीस वर्षे ते दर रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी तिघा मित्रांना घेऊन ‘घाटवाट’ खेळत. प्रत्येकाने एक सोंग घ्यायचे, फासे टाकायचे, आणि आपण डोंगरात काय करतो ते बोलून दाखवायचे. वाट दाखवायला पुस्तकातलीच एक बाई असे. शालनताई आतून पोहे पाठवत आणि बाहेरचे हसणे ऐकत.

ती बाई आता काठी कोपऱ्यात टेकवून सोफ्यावर बसली होती. पुस्तकात तिचे वय अठ्ठावीस लिहिले होते, म्हणून ती अठ्ठावीसच होती.

“साखर किती?” शालनताईंनी विचारले.

“दोन चमचे, वहिनी. मोरबाही दोनच घ्यायचा.”

मोरबा. चौतीस वर्षांच्या संसारात शालनताईंनी त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

“साखर त्यांना मना होती,” त्या म्हणाल्या.

“घाटात नव्हती,” सगुणा म्हणाली.

आठवडाभर असेच चालले. मोरबाला उंचीची भीती वाटायची, पण कड्यावर तो गाणी म्हणायचा, असे सगुणाने सांगितले. ते गात असत हेही शालनताईंना माहीत नव्हते. त्यांनी पोळी जरा जोरात लाटली. एकदा शालनताईंनी दोनदा हाक मारली तेव्हा कुठे सगुणाने मान वळवली. त्यांनी कारण विचारले.

“पान एक्केचाळीस कसरीने खाल्लंय. तेव्हापासून डावा कान गेला. आता बेचाळीसला लागलीये. त्यावर माझे पाय आहेत.”

“मग झेरॉक्स काढू.”

“परवानगीशिवाय काढली तर त्यातून मी उतरत नाही. कोरीच पानं येतात.”

शालनताईंना क्षणभर वाटले, असू दे. कसरीला थोडे दिवस दिले की झाले. पण मग कड्यावरचे गाणे कोणते होते, ते कुणाला विचारणार? दुसऱ्या दिवशी त्या सगुणाला घेऊन कॉपीराइट कार्यालयात गेल्या.

तिथले बाबर नावाचे कारकून शांत स्वभावाचे होते. त्यांनी पुस्तक उलटसुलट पाहिले.

“लेखक?”

“एकोणीसशे नव्वद साली वारले.”

“म्हणजे मेल्यानंतर साठ वर्षं. दोन हजार पन्नास संपेपर्यंत हक्क जिवंत. त्यांचे वारस?”

“सापडत नाहीत.”

“प्रकाशक?”

“छापखान्याच्या जागी मंगल कार्यालय झालंय.”

बाबरांनी विचार केला. “त्यांची परवानगी चालली असती. पण छपाईचं यंत्र त्यांच्या ताब्यात पाहिजे.”

“ते भंगारात गेलं.”

“मग नाही चालणार.”

“मी स्वतः अर्ज केला तर?” सगुणा म्हणाली.

“तुम्ही मजकूर आहात, बाई. मजकुराचा अर्ज आम्ही घेत नाही.” त्यांनी चष्मा काढला. “एक मार्ग आहे. हक्क असतो तो शब्दांवर. खेळायची रीत कुणाच्या मालकीची नसते. ही रीत कुणी आपल्या शब्दांत लिहून ठेवलीय का?”

“मोरबाने लिहिलीये,” सगुणा म्हणाली. “दोनशे पानी वहीत. कपाटाच्या वरच्या खणात, रेशनकार्डाच्या पिशवीत.”

शालनताईंनी तिच्याकडे पाहिले. ते कपाट त्यांच्या माहेरून आलेले होते.

वही तिथेच होती. बाबरांनी ती दोन दिवस पुस्तकाशी ताडून पाहिली आणि निकाल दिला की एकही वाक्य उचललेले नाही. ही स्वतंत्र कृती, कर्ता मोरेश्वर करंदीकर, एकमेव वारस पत्नी.

“म्हणजे ह्या बाई आता तुमच्या,” ते म्हणाले. “तुम्ही परवानगी दिलीत तर प्रती काढून वाचनालयात ठेवता येतील.”

“आणि नाही दिली तर?”

“तर नाही दिली. कारण विचारायचा आम्हाला अधिकार नाही.”

शालनताई वही घरी घेऊन आल्या आणि सकाळी स्वयंपाक टाकून वाचायला बसल्या. छापील पुस्तकात सगुणाला इथे-तिथे मिळून चार ओळी होत्या. मोरेश्वरांनी तिला अकरा पाने दिली होती. तिची चाल, तिचा आवाज, ती काठी कशी टेकते, सगळे नीट वळणदार अक्षरात. शालनताईंसाठी त्याच हस्ताक्षरात आजवर आल्या होत्या त्या फक्त वाणसामानाच्या याद्या. त्यांनी वही मिटली. आज सही करायची नाही, उद्याही नाही, असे ठरवले. तरी पुढचे पान उघडलेच.

सव्विसावा नियम असा होता: घरी परतायचे असल्यास फासे टाकू नयेत. नुसते उठावे.

“हे पुस्तकात आहे?” त्यांनी सगुणाला विचारले.

“नाही. पुस्तकात सहा पडल्याशिवाय घरी जाता येत नाही.”

“मग?”

“त्याने बदललं. पाच वाजले की तुम्ही आतून चहाला हाक मारायचात. कड्यावर दोराला लटकलेला असला तरी हा उठायचा. मी म्हणायचे, सहा पडू दे. ऐकायचा नाही.” तिने पदर खोचला. “तीस वर्षं, वहिनी. एकदाही थांबला नाही. तुमचा आवाज मला आवडत नाही, खरं सांगते.”

शालनताईंनी तिला चहा दिला. दोन चमचे घालून.

सोमवारी त्यांनी बाबरांच्या टेबलावर अर्ज ठेवला. कोणालाही प्रत काढता येईल, वाचता येईल, खेळता येईल, असे लिहून खाली सही केली होती. अटींच्या रकान्यात एकच ओळ होती: हा खेळ खेळताना कोणीही मोरेश्वर किंवा मोरबा हे नाव घेऊ नये.

बाबरांनी ती वाचली आणि कागद सगुणाकडे सरकवला, कारण मजकुराला अट दाखवावी लागते.

सगुणाने ती ओळ बोट ठेवून दोनदा वाचली.

“मीही हेच मागणार होते,” ती म्हणाली.

बाबरांनी शिक्का मारला, तारीख घातली आणि पुढच्याला आत बोलावले.