चौदाव्या मजल्यावरचे आल्प्स

चेक-इन काउंटरवरच्या मुलीने निशिकांत राजाध्यक्षांचा पासपोर्ट तिसऱ्यांदा चाळायला घेतला. कागद असे पुन्हा पुन्हा चाळले जातात तेव्हा पुढे काय होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. सिंगापूरला रॅफल्स प्लेसच्या एका बँकेत गेली अकरा वर्षं ते स्वतः लोकांचे कागद असेच चाळत आले होते.

"सर, स्वित्झर्लंडचा व्हिसा दिसत नाहीये," मुलगी म्हणाली.

"पान बारा. युरोपचा आहे. मार्चमध्ये पॅरिसला गेलो होतो, तोच ऑक्टोबरपर्यंत चालतो."

"तिथे हा चालत नाही, सर."

"स्वित्झर्लंड युरोपात नाही का?"

"युरोपात आहे, सर. ह्या व्हिसात नाही."

गोष्ट २००५ सालची. त्या काळी स्वित्झर्लंड युरोपच्या मधोमध बसूनही आपला व्हिसा वेगळा मागत असे. निशिकांतरावांनी चौकशी केली नव्हती असं नाही. सुचित्राबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, दोनदा सांगितलं होतं, "अहो, एकदा फोन करून विचारून घ्या." त्यावर ते हसले होते. व्हिसा, सही, शिक्का ह्या विषयात त्यांना घरातल्या कुणी काही शिकवावं, ही कल्पनाच त्यांना गमतीची वाटली होती.

अर्ध्या तासाने ते लोकरीचा कोट, कानटोपी आणि दोन बॅगांसह टॅक्सीच्या रांगेत उभे होते. बाहेर बत्तीस अंश तापमान होतं.

प्रवास फुकट गेला ह्याचं त्यांना तेवढं दुःख नव्हतं. आल्प्समधल्या त्या आरोग्यधामात सात दिवस उपाशी ठेवतात, एवढं त्यांनी माहितीपत्रकात वाचलंच होतं. दुःख निराळं होतं. ही जागा मुळात त्यांच्या साहेबांची, मिस्टर कोह यांची होती. बँकेच्या स्विस भागीदारांनी कोहसाहेबांना सात दिवसांचं आमंत्रण दिलं होतं. ऐनवेळी ऑडिट निघालं, आणि साहेब सगळ्या स्टाफसमोर निशिकांतरावांच्या खांद्यावर हात ठेवून, सिंगापुरी ढंगात 'लाह' जोडत म्हणाले, "निशि, तुझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट मी पाहिलाय. यू गो लाह. परत आलास की बँकेचा डॉक्टर पुन्हा तपासेल. बिफोर अँड आफ्टर." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

आता त्या सगळ्यांना काय सांगणार? कागदपत्र तपासणी विभागाचा प्रमुख कागदपत्रं अपुरी म्हणून विमानतळावरून परत आला? कालच त्यांनी शैलेंद्र नावाच्या ज्युनियरचा रजेचा अर्ज परत पाठवला होता. पोराने महिन्याच्या जागी तारीख आणि तारखेच्या जागी महिना लिहिला होता. अर्ज परत पाठवण्याची ही चौथी खेप होती.

बुकित पंजांग वस्तीतल्या त्यांच्या इमारतीत, चौदाव्या मजल्यावर, दार उघडलं ते त्यांच्या मुलीने, कस्तुरीने. तिने बॅगा पाहिल्या, कोट पाहिला, मग घड्याळ पाहिलं.

"बाबा, सो फास्ट?"

"आईला बोलव."

सुचित्राबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "मी सांगितलं होतं" हे वाक्य त्या बोलल्या नाहीत, आणि त्यामुळे ते घरभर ऐकू येत राहिलं.

"मी ठरवलंय," निशिकांतराव म्हणाले. "आठवडाभर घराबाहेर पडायचं नाही. कुणाला कळणार नाही. टीव्हीवर क्रिकेट आहे, फ्रिजमध्ये श्रीखंड आहे. पुढच्या सोमवारी सरळ ऑफिसला जातो."

"आणि डॉक्टर वजन करेल तेव्हा?"

निशिकांतरावांनी कोटाची बटणं काढता काढता हात थांबवला.

"सात दिवस आल्प्समध्ये राहून माणूस दीड किलो वाढून आला, असं सांगणार?" सुचित्राबाईंनी चष्मा लावला. "ते माहितीपत्रक द्या इकडे."

लग्नाआधी त्या पुण्याला एका कॉलेजात आहारशास्त्र शिकवत. सिंगापूरला आल्यावर ते सगळं माळ्यावर गेलं होतं. नवऱ्याला पथ्य सांगावं, तर तो ताट पुढे ओढत म्हणे, "रविवारपासून." असे साडेपाचशेच्या वर रविवार होऊन गेले होते. त्या संध्याकाळी त्यांनी माहितीपत्रक दोनदा वाचलं, खुणा केल्या, आणि श्रीखंडाचा डबा उचलून शेजारच्या मलय कुटुंबाला देऊन आल्या.

रविवारी पहाटे आल्प्स सुरू झाले. उठल्याबरोबर कडू क्षाराचं पाणी, आणि त्यानंतरचा दीड तास ज्याच्या त्याच्या नशिबाचा. मग माहितीपत्रकात शिळा पाव होता, त्याऐवजी कालची भाकरी. प्रत्येक घास चाळीस वेळा चावायचा. समोर सुचित्राबाई मोजायला बसत.

"एकोणतीसला गिळलंत."

"उरलंच नव्हतं काही तोंडात."

"तिथले डॉक्टर म्हणतात, नसलं तरी चावायचं."

दुपारी दुधीचं पाणी. मग पोटावर गरम पाण्याची पिशवी ठेवून तासभर पडायचं. हवा डोंगराची हवी म्हणून एसी सोळावर ठेवलेला, आणि निशिकांतराव कानटोपी घालून त्या खोलीत कण्हत पडलेले. संध्याकाळी पुन्हा दुधीचं पाणी, ह्या वेळी त्याला सूप म्हणायचं.

राहिला डोंगर. माहितीपत्रकात रोज सकाळी एक टेकडी होती. बाहेर पडणं शक्य नव्हतं, तेव्हा सुचित्राबाईंनी इमारतीच्या जिन्याकडे बोट दाखवलं. चौदा मजले खाली, चौदा वर, दोन फेऱ्या. कुणी ओळखू नये म्हणून कानटोपी आणि गळ्यात टॉवेल.

"मला नाही जमणार," निशिकांतराव म्हणाले.

"मग साहेबांना आजच फोन करून टाका."

त्यांनी बूट चढवले.

बुधवारपर्यंत सगळं बिनबोभाट चाललं. बुधवारी सकाळी ते दुसरी फेरी चढत नवव्या मजल्यावर धापा टाकत उभे होते, आणि वरून नंदाताई आल्या. नंदाताई महिन्यापूर्वीच दहाव्या मजल्यावर राहायला आल्या होत्या. त्या इमारतीची लिफ्ट सगळ्या मजल्यांवर थांबत नसे, म्हणून त्यांना मजलाभर उतरावं लागे. निशिकांतरावांना त्यांनी एकदाच, तेही लांबून, टाय लावलेल्या अवस्थेत पाहिलं होतं.

त्यांनी कानटोपीकडे निरखून पाहिलं. "तुम्ही राजाध्यक्षांकडचे का हो? नाक अगदी तेच आहे."

चार दिवसांच्या दुधीने माणसाची बुद्धी पातळ होते. निशिकांतरावांनी मान डोलावली.

"म्हणजे थोरले भाऊ. केव्हा आलात?"

"रविवारी," निशिकांतराव म्हणाले, आणि ते ऐकून स्वतःच दचकले.

"आणि भाऊ नेमका स्वित्झर्लंडला. बघा ना, तुम्ही इतक्या लांबून यायचं आणि त्याने तिकडे मसाज करून घ्यायचा." नंदाताईंना मनापासून वाईट वाटलं. तासाभरात त्या चौदाव्या मजल्यावर हजर झाल्या. "सुचित्रावहिनी, तुमच्या दिरांना आज संध्याकाळी आमच्याकडे जेवायला पाठवा. नाही म्हणायचं नाही."

सुचित्राबाई दारातच उभ्या राहिल्या. आपल्याला दीर आहे, हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळत होतं. आत पोटावर पिशवी घेऊन पडलेल्या दिराने जेवणाचं नाव ऐकून डोळे उघडले.

"त्यांना पथ्य आहे," त्या म्हणाल्या.

"मग पथ्याचंच करते. मसालेभात, भरली वांगी आणि पुऱ्या. दुसरं काही नाही."

नंदाताई गेल्यावर सुचित्राबाईंनी खोलीचं दार उघडलं. "दोन घास. चाळीस-चाळीस वेळा चावून. आणि कानटोपी काढायची नाही." त्यांना स्वतःला जाता येत नव्हतं, त्या दिवशी कस्तुरीच्या शाळेत पालकांना बोलावलं होतं. कस्तुरी बापाकडे पाहून म्हणाली, "बाबा, बिहेव्ह हं."

संध्याकाळी सातला निशिकांतराव नंदाताईंच्या टेबलाशी बसले. पहिली पुरी एका घासात गेली. चावण्याचा हिशेब त्यांनी मनातल्या मनात पुढच्या जन्मावर टाकला. तिसऱ्या पुरीला बेल वाजली.

"माझा मावसभाऊ आला," नंदाताई म्हणाल्या. "तुमच्या भावाच्याच ऑफिसात असतो. ये रे, शैलेंद्र. हे राजाध्यक्षांचे थोरले बंधू."

शैलेंद्र दारात थबकला. त्याने कानटोपी पाहिली, नाक पाहिलं, पुरी धरलेला हात पाहिला. त्या हातातल्या लाल पेनाने त्याचे चार अर्ज परत आले होते. तो हात त्याने स्वप्नातही ओळखला असता. निशिकांतरावांनी कानटोपी भुवयांपर्यंत ओढली.

"नमस्कार, दादा," शैलेंद्र म्हणाला आणि बरोबर समोरची खुर्ची ओढून बसला. "बरं झालं भेटलात. तुमच्या भावाविषयी मनात बरंच साठलंय."

"अरे, पाहुण्यांसमोर काय," नंदाताई म्हणाल्या.

"बोलू दे त्याला," निशिकांतराव शक्य तेवढ्या घोगऱ्या आवाजात म्हणाले. दुसरं करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"माणूस वाईट नाही, दादा. पण त्यांच्या टेबलावर एक पट्टी असते. कशाला, तर समास मोजायला. एका बाईंना बाळंतपणाची रजा हवी होती, तर अंदाजे तारीख चालणार नाही म्हणाले. नक्की लिहा. आता ते त्या बाईंच्या हातात आहे का?"

नंदाताई पोट धरून हसल्या. निशिकांतरावही हसले, कारण दादा हसला असता. मात्र ते प्रकरण आपण किती गंभीरपणे हाताळलं होतं, हे आठवून त्यांना घास गिळवेना. इतक्या दिवसांत तो एकच घास त्यांनी पूर्ण चाळीस वेळा चावला.

"बहिणीचं लग्न आहे नाशिकला," शैलेंद्र पुढे म्हणाला. आता त्याचा आवाज थट्टेचा नव्हता. "चार वेळा अर्ज परत आला. आईला रोज फोनवर सांगतो, मिळेल म्हणून. तिकिटं संपत आली, दादा."

निशिकांतरावांनी ताटाकडे पाहिलं. ऑफिसात ह्या पोराने लग्नाचं कधी सांगितलं नव्हतं. की सांगितलं होतं, आणि आपण तेव्हा समास पाहत होतो?

"अर्ज आहे का जवळ?" त्यांनी विचारलं.

शैलेंद्रने बॅगेतून कागद काढला. निशिकांतरावांनी खिसे चाचपले, नंदाताईंच्या फ्रिजवरचं पेन घेतलं, तारीख-महिन्याकडे मुद्दाम पाहिलं नाही, आणि सही केली.

"अहो, तुमची सही कशी चालेल?" नंदाताई म्हणाल्या.

"आमच्या घरात सगळ्यांची एकच आहे," दादा म्हणाले, आणि पुढची पुरी घेतली.

सोमवारी बँकेच्या डॉक्टरांनी दोनदा काटा तपासला. एका जेवणाचं पाप धरूनही वजन चार किलो उतरलं होतं. चेहऱ्यावर तेज होतं, जिन्याचं का होईना. कोहसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं, दार लावलं आणि खुर्चीत रेलून बसले.

"सांग, निशि. सगळं सांग."

निशिकांतरावांनी तयारी केली होती. बर्फाची शिखरं, झाडांचा वास, पहाटे गाईंच्या गळ्यातल्या घंटा. एक म्हातारा डॉक्टर त्यांनी रस्त्यात, एमआरटीच्या मेट्रो गाडीत बसल्या बसल्या तयार केला होता, तो आता पांढऱ्या मिशा लावून उभा राहिला आणि जर्मन उच्चारात बोलू लागला. दहा मिनिटं साहेब मान डोलावत ऐकत होते. मग त्यांनी खणातून एक फॅक्स काढून टेबलावर ठेवला.

आरोग्यधामाने तो आठ दिवसांपूर्वीच, पहिल्या रविवारी, पाठवला होता. आपले पाहुणे पोचले नाहीत, त्यांची प्रकृती ठीक असावी अशी आशा आहे.

निशिकांतरावांनी फॅक्स वाचला. सवयीने तारीखही पाहिली. अचूक होती.

"व्हिसा," ते अखेर म्हणाले. "चुकीचा होता, सर. मीच पाहिला नाही."

कोहसाहेबांनी फॅक्स पुन्हा खणात ठेवला. त्यांचे खांदे हलायला लागले तेव्हा ते हसताहेत हे कळलं. डोळे पुसून त्यांनी डॉक्टरांचा कागद पुढे ओढला. "ते राहू दे लाह. हे चार किलो कुठे गेले, ते सांग."

"बुकित पंजांगला, सर."

मग त्यांनी खरं ते सगळं सांगितलं. भाकरी, दुधी, जिना. साहेब आता पुढे झुकून ऐकत होते, आणि मधून मधून कागदावर काहीतरी टिपून घेत होते.

शनिवारी सकाळी निशिकांतराव बूट घालून दारात तयार होते. लिटल इंडियात जाऊन दोन मसाला डोसे खायचे, एवढा साधा बेत होता. तेवढ्यात बेल वाजली. बाहेर कोहसाहेब हाफपँटमध्ये उभे होते. एका हातात छोटी बॅग, दुसऱ्या हातात पपया.

"मिसेस राजाध्यक्ष," त्यांनी मान झुकवून विचारलं, "आणखी एक पेशंट घेणार का? माझी बायको म्हणते, इकडे नाही तर सरळ हॉस्पिटलात."

सुचित्राबाईंनी त्यांचा रिपोर्ट हातात घेतला, उभ्या उभ्या वाचला, आणि चष्मा कपाळावर सरकवला. इतकी वर्षं माळ्यावर पडलेल्या बाईंचा चेहरा असा उजळलेला निशिकांतरावांनी पाहिला नव्हता.

"तीन महिने," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "दर शनिवार-रविवार. आत या."

निशिकांतरावांना डोशांचं भवितव्य दिसलं. ते मुकाट्याने खाली वाकून बुटाची नाडी सोडू लागले.

"ते कशाला काढताय?" सुचित्राबाई म्हणाल्या. "साहेब एकटे कसे चढणार? वाट नको का दाखवायला?"

निशिकांतरावांनी नाडी पुन्हा बांधली.