तीनशे श्रोत्यांच्या आत

प्रसिद्ध व्हायला नशीब लागतं, पण अप्रसिद्ध राहायला शिस्त लागते. प्रसिद्ध माणूस एकदा प्रसिद्ध झाला की सुटला; पुढचं लोक बघून घेतात. अप्रसिद्ध माणसाला मात्र रोज सकाळी उठून नव्यानं अप्रसिद्ध राहावं लागतं, आणि त्याबद्दल त्याचं कौतुक करायला कोणी नसतं. (असेल तर तो नापास.)

ही शिस्त ज्यांनी जिवापाड पाळली त्यांत 'खड्डा' याचं नाव आदरानं घ्यायला हवं. म्हणजे ज्यांना ते माहीत आहे त्यांनी. खड्डा हे त्यानं स्वतः निवडलेलं टोपणनाव. निवडायला दोन आठवडे लागले. तो भूमिगत संगीतकार आहे आणि चौथ्या मजल्यावर राहतो.

त्याच्या संगीताला जंप-अप ड्रम अँड बेस म्हणतात. मिनिटाला एकशे चौऱ्याहत्तर ठोके, आणि त्यांच्याखाली एक बेस, म्हणजे तळाचा जाड आवाज. हा बेस गात नाही. तो डुचमळतो, गुरगुरतो, उचकी लागल्यासारखा मध्येच थांबतो आणि पायरी चुकलेल्या माणसासारखा धाडकन परत येतो. तो परत आला की ऐकणारा जागच्या जागी उडी मारतो, म्हणून हे नाव. जो उडी मारत नाही तो खालच्या मजल्यावरचा शेजारी असतो.

दिवसा खड्डा श्रवणयंत्रं बसवतो. चष्म्याच्या दुकानामागे दोन खोल्यांचं केंद्र आहे. पुढच्या खोलीत चार खुर्च्या आणि कानाचं प्लास्टिकचं मोठं मॉडेल (पडदा कुणीतरी नेला आहे), मागच्या खोलीत कान तपासायची काचेची केबिन. सहा दिवस लोकांचे कान सांभाळायचे आणि फावल्या वेळात पुढची गिऱ्हाइकं तयार करायची, असा हा स्वयंपूर्ण व्यवसाय.

"एवढं लांबचं नियोजन घरासाठी कधी केलं नाहीस," बायको म्हणते.

भूमिगत संगीताचा कारभार एक मंडळ पाहतं. मंडळाला नाव नाही, कारण नाव ठेवलं तर लोकांना कळेल. नियम मात्र सतरा आहेत. नियम दोन: चेहरा दाखवू नये. नियम पाच: 'हे गाणं कुणाचं?' असं कुणी विचारल्यास उत्तर देऊ नये. फारच पिच्छा पुरवला तर खोटं द्यावं. आणि नियम नऊ, ज्याच्या नुसत्या उल्लेखानं भलेभले बेस डगमगतात: नव्या गाण्यांना तीनशेच्या वर श्रोते मिळाले तर ती गाणी लोकप्रिय समजावीत, व करणाऱ्यास मंडळातून कमी करावं. मागच्या वर्षी एकाचं गाणं कुठल्याशा व्यायामशाळेनं लावलं. आता त्याला मंडळात कुणी ओळख देत नाही. (बाहेर सगळे देतात. तीच तर शिक्षा.)

मंडळाचा प्रमुख मौनी. चेहरा गंभीर, दाढी त्याहून गंभीर. नवं गाणं ऐकल्यावर तो एकच शब्द बोलतो: "जड." हा शब्द कानावर पडावा म्हणून माणसं वर्षानुवर्षं झुरतात.

मंडळाचा मेळावा वर्षातून एकदा, रविवारी दुपारी दोन ते पाच, एका ऑफिसच्या इमारतीखालच्या पार्किंगमध्ये भरतो. (रविवारी गाड्या नसतात, आणि पाचला येणारा वॉचमन खडूस आहे.) खड्ड्यानं तिथं सहा वर्षं दुसऱ्यांच्या वायरी गुंडाळल्या. यंदा पहिल्यांदा त्याचा नंबर लागला होता. नवीन चार गाणी, वीस मिनिटं. गाणी दोन आठवडे आधी मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर चढली. घरी तो जावई होता, केंद्रात तो 'अहो मशीनवाले' होता. त्या पार्किंगमधल्या डुगडुगत्या टेबलामागे तो वीस मिनिटं कुणीतरी होणार होता. श्रोते होते दोनशे बारा. सगळं कसं छान आटोक्यात होतं.

आता, बेस बारकाईनं ऐकायला शांतता लागते, आणि अख्ख्या शहरात शांतता एकाच ठिकाणी होती: कान तपासायच्या केबिनमध्ये. खड्डा रोज डबा तिथंच खायचा, केबिनच्या हेडफोनची वायर मोबाइलला जोडून. डबा संपला की वायर परत मशीनला. हे काम त्यानं चारशे बारा वेळा बिनचूक केलं. चारशे तेराव्या वेळी सासरे आले.

सासरे निवृत्त वजनमाप निरीक्षक. आयुष्यभर त्यांनी लोकांची मापं काढली, आणि जावयाचं सर्वांत आधी. गेली आठ वर्षं त्यांना कमी ऐकू येत होतं, पण हा दोष त्यांच्या मते बोलणाऱ्यांचा होता. त्या दिवशी सासूबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच पाठवलं होतं.

"आवाज आला की बोट वर करा, बाबा," खड्डा ओरडून म्हणाला, आणि मशीनचं बटण दाबलं.

बोट जागचं हललं नाही. आवाज वाढवला. बोट स्वस्थ. तेव्हा कुठं खड्ड्याला दिसलं की वायर अजून मोबाइललाच आहे. ती काढायला तो झेपावला, अंगठा भलतीकडे पडला, आणि गाणं क्रमांक तीन पूर्ण आवाजात सुरू झालं.

सासऱ्यांनी बोट वर केलं. मग दुसऱ्या हाताचं. मग दोन्ही पाय.

"येतंय की हे!" ते ओरडले. "आठ वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी स्पष्ट बोललं!"

"बाबा, ते चुकून..."

"कुणाचं आहे?"

नियम पाच. "माहीत नाही," खड्डा म्हणाला.

"अहो, इथं लिहिलंय की. खड्डा." सासऱ्यांचे डोळे अजून शाबूत होते. "शिका काहीतरी, जावईबापू. कुठला कोण माणूस, पण काम बघा त्याचं! नाहीतर तुम्ही. पाठवा मला हे."

सासऱ्यांना नाही म्हणायचा नियम जगातल्या कुठल्याच मंडळात नाही. खड्ड्यानं पाठवलं.

यामागचं शास्त्र साधं आहे. वय वाढलं की आधी वरचे, बारीक आवाज जातात. दारावरची बेल जाते, कुकरची शिट्टी जाते, सुनेचे टोमणे जातात (काहींच्या बाबतीत आधीच). खालचे जाड आवाज बहुधा शेवटपर्यंत साथ देतात. थोडक्यात, जगातलं जवळजवळ सगळं संगीत ज्येष्ठांना सोडून जातं, आणि अगदी शेवटी जंप-अप तेवढं उशाशी उरतं.

सासरे सकाळी ज्या गटाबरोबर फिरायला जात त्यात एकशे एकोणसाठ सभासद होते. सरासरी वय चौऱ्याहत्तर, सरासरी चालू गुडघे सव्वा. चार दिवसांत सगळ्यांनी चारही गाणी ऐकली. मंडळाच्या पानावर, जिथं आजवर कुणी एका कवटीच्या चित्रापलीकडे काही लिहिलं नव्हतं, तिथं प्रतिक्रिया येऊ लागल्या. 'सुप्रभात.' 'फार छान, तब्येतीला जपा.' 'गाणं क्र. ३ कमरेला लावून बसलो, आराम पडला.' एका आजींनी आपल्या नातवाचं बाळसेदार चित्र टाकलं, ते कवट्यांच्या रांगेत उठून दिसलं.

दोनशे बारा अधिक एकशे एकोणसाठ. मौनीचा निरोप आला: '३७१. रविवारी बघू.'

टेबल, वीस मिनिटं, सहा वर्षांच्या वायरी, सगळं एकाहत्तर म्हाताऱ्यांपायी पाण्यात जाणार होतं. खड्ड्यानं सतरा नियम पुन्हा वाचून काढले. आणि नियम एकमध्येच, जिथं कुणी कधी पाहत नाही तिथं, व्याख्या सापडली: 'श्रोता म्हणजे ज्यास नीट ऐकू येतं अशी व्यक्ती.'

ज्यास नीट ऐकू येत नाही, ती व्यक्ती कितीही ऐकत असली तरी श्रोता नव्हे. आणि नीट ऐकू येत नाही असं लिहून देणारा माणूस गावात एकच होता. तोच तो.

दुसऱ्या दिवसापासून केंद्रात मोफत तपासणी सुरू झाली. रोज दहा-बारा जण. खोटं एक अक्षर लिहावं लागलं नाही. म्हातारी माणसं प्रामाणिकपणे बहिरी होती. अडचण एवढीच, की बहिरेपण मान्य करायला फार थोडे तयार होते. खड्डा कोण हे न सांगता, त्याला मंडळातून काढू नये म्हणून हे कागद हवेत एवढं सांगितल्यावर सत्तर जण कसेबसे बसले. बाकीचे "मला सगळं ऐकू येतं" म्हणाले, तेही दुसराच कुठला तरी प्रश्न समजून. शनिवार संध्याकाळपर्यंत प्रमाणपत्रं झाली सत्तर. श्रोते उरले तीनशे एक.

"बाबांना बसव," बायको म्हणाली.

"ते ऐकायचे नाहीत."

"तेच तर लिहून हवंय ना तुला? सांगून टाक त्यांना, खड्डा मीच म्हणून."

"नियम दोन आहे."

"नियम दोन गेला चुलीत. चल."

सासरे सोफ्यावर मोबाइल पोटावर ठेवून गाणं दोन ऐकत होते. खड्ड्यानं सगळं सांगितलं. दोनदा सांगितलं, कारण पहिल्यांदा पोहोचलं नाही.

"तुम्ही? खड्डा?" सासरे हसले. "जावईबापू, तुम्हाला साधी कुंडी सरळ ठेवता येत नाही."

"गाणं तीनमधली ती घरघर आहे ना, बाबा... ती तुमची आहे. मागच्या सुट्टीत दुपारी तुम्ही इथंच झोपला होतात. मी मोबाइल उशीजवळ ठेवला होता."

"मी घोरत नाही."

"बाबा!" बायको म्हणाली.

"चाळीस वर्षं!" स्वयंपाकघरातून सासूबाई म्हणाल्या.

सासऱ्यांनी गाणं तीन लावलं. डोळे मिटले. घरघर आली, थांबली, धाडकन परत आली. त्यांनी ते संपेपर्यंत ऐकलं, मग पुन्हा पहिल्यापासून. निरीक्षकाच्या चेहऱ्यावर, माप बरोबर भरल्यावर येतो तसा भाव होता.

"आवाजात दम आहे," ते म्हणाले.

"आहेच."

"काढा तुमचं मशीन. पण ऐकू कमी येतं एवढंच लिहा. घोरण्याचा उल्लेख नको."

रविवारी दोन वाजता खड्डा एकाहत्तर प्रमाणपत्रांची फाइल घेऊन पार्किंगमध्ये उतरला. मागोमाग फिरायच्या गटातले पस्तीस जण घडीच्या खुर्च्या घेऊन उतरले आणि स्पीकरला पाठ टेकून, दुखणारी बाजू बघून, बसले. जुन्या सभासदांपैकी बेचाळीस जण काळे कपडे घालून भिंतीशी उभे होते. त्यांना खुर्च्यांचा हेवा वाटत होता, पण तसं दाखवायची परवानगी नव्हती.

मौनीनं फाइल चाळली. मग तो त्याच्या कारकिर्दीतलं सर्वांत लांब वाक्य बोलला. "मशीन खरं बोलतं कशावरून?"

खड्ड्यानं घरून आणलेलं छोटं मशीन त्याच्यापुढे ठेवलं आणि हेडफोन दिला. समोर पाटी धरली: 'आवाज आला की बोट वर करा.'

पहिला सूर. मौनीचं बोट गुडघ्यावर. दुसरा, जरा मोठा. बोट गुडघ्यावर. खड्डा वाढवत गेला. हेडफोनबाहेर आवाज झिरपायला लागला. "हे तर मलाही येतंय," खुर्चीवरच्या एक आजी म्हणाल्या. मौनीनं सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे पाहिलं. काहीतरी वाजतंय, हे त्याच्या लक्षात आलं. त्यानं डोळे अर्धे मिटले, आणि म्हणाला,

"जड."

पार्किंगमध्ये सुई पडली असती तरी ऐकू आली असती. (पस्तीस अधिक एक जण सोडून.)

सासरे उठले आणि त्यांनी मौनीच्या खांद्यावर हात ठेवला. "लाज वाटून घेऊ नकोस रे बाळा," ते त्याच्या कानाशी ओरडले. "मी आठ वर्षं अशीच काढली."

मग बाकीचे एक्केचाळीस जणही एकेक करून तपासायला बसले, कारण न बसणं संशयास्पद दिसलं असतं. वर्षानुवर्षं स्पीकरच्या तोंडाशी उभं राहण्याचा व्हायचा तो परिणाम झालेला होता. बेचाळिसांपैकी एकोणचाळीस जणांना प्रमाणपत्र द्यावं लागलं. एकूण श्रोते उरले दोनशे एकसष्ट. ज्यांनी खरोखर जीव लावून ऐकलं होतं ते सगळे यादीतून गळल्यामुळे खड्ड्याचं भूमिगतपण आता दगडावरची रेघ होतं.

पाचला पंचवीस मिनिटं कमी असताना तो टेबलामागे उभा राहिला. चार गाणी, वीस मिनिटं. ज्यांना ऐकू येत नव्हतं त्यांनी तळपायांनी ऐकलं, खुर्चीच्या नळ्यांनी ऐकलं, दातांनी ऐकलं. मौनी भिंतीला गाल लावून उभा होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. गाणं तीनची घरघर धाडकन परत आली तेव्हा सासरे खुर्चीवरून उठून दोन्ही हात वर करून ओरडले, "हा मी! अहो, हा मीच!" आणि त्यांनी उडी मारली; छोटी, डॉक्टरांनी परवानगी दिली असती इतपत.

राहता राहिला प्रश्न तुमचा.

तुम्ही यातला एकही ठोका ऐकलेला नाही. तरी हा कलाकार कसा आहे, हे संगीत कशा लोकांसाठी असतं आणि आजकाल काय काय चालतं, याबद्दल तुमचं मत इथवर येईतो पक्कं झालेलं आहे. उद्या कुठं विषय निघाला तर तुम्ही "त्याची सुरुवातीची गाणी जास्त चांगली होती" म्हणाल, हेही मंडळाला ठाऊक आहे. संकोच करू नका. अशा मंडळींसाठी तपासणीच्या फॉर्मवर वेगळा रकाना केला आहे: 'कान उत्तम, ऐकलेलं नाही, मत आहे.' त्याला तीनशेची मर्यादा नाही. फॉर्मच्या पुढच्या छत्तीस पानांवर तोच एक रकाना आहे. तुमचं नाव आम्ही भरून ठेवलं आहे, सही तेवढी करा.