आबा पाडव्याले येतीन

नारायणरावांची तेरवी उरकली, पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडववाला बांबू सोडून घेऊन गेला, तरी आजोबा मेले हे चार वर्षांच्या अर्पिताला घरातल्या कोणीच सांगितलं नव्हतं. ते गेले त्या सकाळी तिला शेजारी नेऊन ठेवलं होतं. परत आली तेव्हा पंख्याखालची त्यांची खाट रिकामी होती.

"आबा कुठी गेले?" तिनं विचारलं.

"खामगावले," तिचा बाप हरिओम म्हणाला. नेमक्या त्याच वेळी तिची आई छाया आतून म्हणाली, "बुलढान्याले."

"खामगावले का बुलढान्याले?"

"आधी खामगावले, मंग तिथून बुलढान्याले."

"चपला तं इथंच हाय."

हरिओमचं उंद्रीत विहिरीवरच्या पंपांच्या मोटारी बांधायचं दुकान होतं. जळालेल्या मोटारीतली तार कुठे तुटली हे तो नुसत्या वासावरून सांगायचा, पण चपलांचं नाव निघताच त्यानं स्वतःच्या चपला पायात घातल्या. तो दुकानात निघून गेला. त्यानंतर अर्पिता रोज दिवे लागले की ओसरीवर बसायची आणि रडायची. त्या वेळी आबा तिला खांद्यावर बसवून गावातून फेरी मारून आणत.

नारायणरावांचा जीव असलाच तर या नातीवर होता. बाकीच्या घराला त्यांचा फक्त आवाज माहीत होता. भाजीत मीठ कमी पडलं की ताट अंगणात जाई. मग त्यांची बायको अन्नपूर्णाबाई एक अक्षर न बोलता अंगणातून ताट उचलून आणी, धुई आणि दुसरं वाढी. लग्नापासून हे असंच चाललेलं होतं. नवरा गेला त्या दिवशी ती फारशी रडली नाही. बाया म्हणाल्या, दुःख आत गेलं. तेरवीनंतर तिनं आपली खाट पंख्याखाली ओढून घेतली आणि दुपारचा दुसरा चहा सुरू केला. पण घरातल्यांचं सगळं लक्ष पोरीकडे होतं, त्यामुळे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

शेवटी छाया शेजारच्या शबानाकडे गेली. शबाना अंगणवाडीत शिकवायची आणि लेकरांची चित्रांची पुस्तकं तिच्या ताब्यात असायची.

"मरनाचं सांगनारं एखांदं पुस्तक दे वं. पोरीले कसं सांगाव काही समजत नाही."

शबानानं पेटी उपसली. "मौतवर एक बी किताब नाही छाया. संस्थेवाल्याइनं सगळी ऊन-पावसाचीच पाठवली. हे पाह्य, ढगाले सर्दी झाली. हे वाऱ्याची टोपी हारपली. इथं सूर्य सुट्टीवर गेला."

"सूर्य वापस येते का?"

"येते ना. लेकराइच्या किताबात सगळेच वापस येतात." तिनं तळातून जाड पुठ्ठ्याचं एक पुस्तक काढलं. "हे घे, ऋतूचं. हे पान पिवळं झालं, गळलं, मातीत गेलं. मंग फांदीवर दुसरं पान आलं. आबा म्हंजे हे पान. समजलं?"

"समजलं," छाया म्हणाली, कारण तिचं दूध गॅसवर होतं.

संध्याकाळी तिनं अर्पिताला मांडीवर घेऊन पुस्तक उघडलं. झाडाला डोळे होते, नाक होतं. पानं गळाल्यावर त्या उघड्याबोडक्या झाडाचे डोळे मिटले होते.

"हे पाह्य बेटा," छाया म्हणाली, "आबा म्हंजे हे झाड."

चूक झाली ती इथे.

"झोपलं?" अर्पितानं विचारलं.

"हाव. झोपलं."

अर्पितानं स्वतःच पान उलटलं. पुढच्या चित्रात झाडाला हिरवीगार पालवी फुटली होती, डोळे टक्क उघडे होते, मागच्या घरावर गुढी उभारलेली होती.

"उठलं! आबा बी उठतीन?"

छायानं दाराकडे पाहिलं. दिवे लागून गेले होते आणि कितीतरी दिवसांनी पोरगी रडत नव्हती.

"हाव," ती म्हणाली.

"कवा?"

छायानं चित्रातल्या गुढीकडे पाहिलं. "पाडव्याले."

हे ऐकून हरिओमनं कपाळाला हात लावला. "हे काय सांगून ठेवलं?"

"मंग तुमी सांगा खरं."

हरिओमनं भिंतीवरचं कॅलेंडर चाळलं. "पाडव्याले टाइम हाय," तो म्हणाला, "तवरिक इसरून जाईन."

अर्पिता विसरली नाही. अंगणात कडुनिंब होता. माघ सरला तशी त्याची पानं गळू लागली आणि ती रोज झाडाखाली उभी राहून पुस्तकातल्यासारखंच चाललंय ना, हे बघू लागली. मग तिला तयारीची काळजी लागली. आबांच्या वस्तू तेरवीला लोकांना देऊन टाकल्या होत्या. रेडिओ त्यांचे लहानपणचे दोस्त, किराणा दुकानवाले गुलाम रसूल यांच्याकडे गेला होता. अर्पिता तिथे जाऊन काउंटरच्या खाली उभी राहिली.

"चाचा, आबाचा रेडू द्या. आबा पाडव्याले येऊन राह्यले."

गुलाम रसूल हसले. "कोन बोललं बेटा?"

"मम्मी बोलली. किताबात हाय."

गुलाम रसूल यांचं हसू थांबलं. ते देवभोळे गृहस्थ होते. किताबात आहे म्हटल्यावर कोणती किताब, हे विचारायला त्यांची जीभ रेटेना. संध्याकाळी त्यांनी नवे सेल घालून रेडिओ घरी आणून दिला. "अमानत हाय," ते छायाला म्हणाले, "ज्याची त्याच्या घरीच बरी."

तिथून पोरगी चुलत आजोबांकडे, महादेवरावांकडे गेली. ते नारायणरावांचा लोकरी कोट घालूनच ओट्यावर बसले होते. तिचं म्हणणं ऐकलं आणि त्यांनी कोट तिथल्या तिथे अंगातून काढला. दहाव्याला नदीवर ते हजर होते. पिंडाला कावळा शिवत नव्हता. हरिओमनं हात जोडून पोरीला शिकवीन म्हटलं, मायला सांभाळीन म्हटलं, घर रंगवीन म्हटलं. कावळे समोरच्या बाभळीवर बसून नुसते बघत होते. शेवटी कोणीतरी बाजूला चिवडा टाकला तेव्हा एक कावळा उतरला, आणि तो पिंडाला शिवला की चिवड्याला, यावर लोकांचं एकमत झालं नव्हतं.

"म्हाताऱ्याचं काहीतरी राह्यलं हाय," महादेवराव हरिओमच्या हातात कोट कोंबत म्हणाले. "लेकराच्या तोंडून कोन बोलते, हे समजत नाही का बे तुले?"

"काका, ते अंगनवाडीचं पुस्तक हाय. त्यात झाड—"

"मले काही सांगू नको. मी हा कोट दोनदाच घातला. साक्षीदार हाय माह्याकडं."

ही गोष्ट गावात फिरायला वेळ लागला नाही. ज्याच्या घरी नारायणरावांची म्हणून जी वस्तू गेली होती ती परत यायला लागली. काठी आली. घोंगडी आली. पितळी तांब्या आला, तोही घासून लख्ख केलेला. एवढं सामान कुठे ठेवायचं ते छायाला कळेना, म्हणून तिनं ते आबा असताना जिथे होतं तिथेच ठेवलं. कोट खुंटीवर, रेडिओ फळीवर, काठी दाराच्या कोपऱ्यात. नारायणरावांची खाट पंख्याखाली आणली आणि अन्नपूर्णाबाईची पूर्वीसारखी स्वयंपाकघराच्या तोंडाशी गेली. माणूस तेवढा यायचा बाकी आहे असं घर दिसू लागलं.

अन्नपूर्णाबाईचं जेवण तुटलं. चहा एकदाच, तोही अर्धा कप. मध्येच ती खुंटीवरच्या कोटाकडे बघायची आणि तिचा घास हातातच राहायचा.

"किती जीव होता दोघाइचा!" छाया डोळे पुसत म्हणाली.

हरिओम लहानपणापासून अंगणातली ताटं बघत आला होता. पण आईची दया येऊन त्यानं चिखलीहून बापाचा मोठा फोटो करून आणला आणि तिच्या खाटेसमोर लावला. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो भिंतीकडे तोंड करून टांगलेला होता. मांजरानं केलं असेल, असं सगळ्यांनी ठरवलं.

शबानाच्या कानावर हे गेलं तेव्हा ती धावत आली. तिनं अर्पितापुढे पुस्तक उघडलं. "पाह्य बेटा, आबा झाड नाही. आबा म्हंजे पान. हे गळलं ते गेलं. वर आलं ते दुसरं हाय."

अर्पितानं दोन्ही पानं नीट निरखली. "सेमच तं हाय."

"दिसते सेम. पन दुसरं हाय."

"मंग पयलं कुठी हाय?"

शबानानं छायाकडे पाहिलं. छायानं हरिओमकडे पाहिलं. हरिओमला दुकानातलं काम आठवलं.

फाल्गुन संपत आला आणि कडुनिंबाला तांबूस पालवी फुटली. अर्पिता अंगणभर नाचली. अन्नपूर्णाबाई दारात उभी राहून झाडाकडे बराच वेळ बघत होती. मग तिनं मुलाला हाक मारली.

"हरी, तो निंब तोडून टाक."

"माय! काऊन?"

"तोडून टाक म्हनलं ना."

"पाडव्याले निंबाचा पाला लागते अन् तू झाडच तोडाले सांगतं?"

"पाला मी बाजारातून आनतो."

त्या दिवशी घरात सगळेच घाबरले. शबाना म्हणाली, सदमा आहे, बुलढाण्याला मोठ्या डॉक्टरला दाखवा. छाया म्हणाली, पाडवा होऊन जाऊ द्या. पाडव्याला काय होणार आहे, हे मात्र कोणी कोणाला विचारलं नाही.

पाडव्याला गुढी उभारली. अर्पितानं नवा फ्रॉक घातला, आबांच्या चपला उंबऱ्याशी जोडीनं मांडल्या आणि शेजारी पाण्याचा तांब्या ठेवून बसली. महादेवराव सकाळपासून रस्त्यानं उगाच इकडून तिकडे जात होते. गुलाम रसूल मुबारकबाद द्यायला म्हणून आले आणि अंगणातल्या बाजेवर बसून राहिले. शबानाही आली, कारण तिला घरी करमेना. ऊन चढलं. जेवणं झाली. तांब्यातलं पाणी गरम झालं.

"आबा काऊन नाही आले?" अर्पिता एकदम म्हणाली. "मम्मी, आबा काऊन नाही आले? निंब तं उठला."

छायानं तांब्या उचलला आणि परत ठेवला. शबानानं "बेटा, ते पान..." असं सुरू केलं आणि सोडून दिलं. हरिओम खाली मान घालून बसला.

तेवढ्यात आतून अन्नपूर्णाबाई आली. अंगावर ठेवणीतलं लुगडं, हातात गच्च भरलेली पिशवी. पिशवी खाली ठेवून ती नातीसमोर उकिडवी बसली.

"इकडं पाह्य. आबा मेले."

"माय!" हरिओम ओरडला.

"तू गप राह्य. आबा मेले वं बाई. झोपले नाही, गावाले नाही गेले. मी सोता त्याइच्या तोंडात पानी टाकलं. ते त्याइनं गिळलं नाही, बाजूनं खाली आलं. मंग तुह्या बापानं त्याइले मसनात नेलं अन् जाळलं."

"मंग?"

"मंग काही नाही. मेलेला मानूस वापस येत नाही."

"पक्कं?"

"पक्कं."

अर्पितानं आजीच्या तोंडाकडे पाहिलं. त्या घरात पहिल्यांदाच कोणीतरी तिला सांगताना दुसरीकडे बघत नव्हतं. मग ती अशी रडली की गुलाम रसूल यांनी तोंड फिरवून डोळ्यांना रुमाल लावला. अन्नपूर्णाबाईनं तिला मांडीवर ओढलं आणि तिच्या पाठीवर हात फिरवत राहिली. गप्प हो असं ती एकदाही म्हणाली नाही.

"रड," ती म्हणाली. "तुह्यावर लय जीव होता त्याइचा. तुले रडू येनं बराबर हाय."

हुंदक्यांतून अर्पितानं विचारलं, "तू काऊन नाही रडत?"

गुलाम रसूल यांनी डोळ्यांवरचा रुमाल खाली घेतला.

"मी ते असतानाच रडून घेतलं बाई," अन्नपूर्णाबाई म्हणाली.

हरिओमची नजर पिशवीवर गेली. "माय, हे पिशवी कशाले?"

"पिंपळगाव राजाले चालली. भावाकडं." तिनं पदर नीट केला. "पोरगी इतकं पक्कं सांगून राह्यली होती. म्हनलं आलेच चुकूनमाकून, तं आपली त्याआधीची गाडी बरी."

गुलाम रसूल यांना ठसका लागला. छाया तोंडावर पदर धरून आत पळाली. ती हसत होती की रडत, हे शबानाला शेवटपर्यंत कळलं नाही.

"पन आता तं ते येत नाही," हरिओम म्हणाला. "मंग ठेव पिशवी."

अन्नपूर्णाबाईनं दारातून आत पाहिलं. खुंटीवर कोट होता, फळीवर रेडिओ होता, पंख्याखाली ती खाट होती.

"हे सगळं आधी वाटून टाक," ती म्हणाली. "जो वापस आनन त्याले माह्या नावानं सांग, मी सोता येऊन पाह्यतो त्याच्याकडं. मंग येतो मी घरी."

तिला सोडायला हरिओम आणि अर्पिता फाट्यापर्यंत गेले. पोरीचे हुंदके अजून पुरते थांबले नव्हते. खामगावची गाडी आली. अन्नपूर्णाबाई पायरीवर चढली तशी अर्पितानं तिच्या लुगड्याचा काठ धरला.

"आजी, तू खरंच येशीन, का पाडव्याले येशीन?"

कंडक्टर घाई करत होता. अन्नपूर्णाबाई खाली वाकली.

"सोमवारी येतो," ती म्हणाली. "मी काही मेली नाही अजून."