नरसय्याअण्णांचा आखडलेला ताणा

समस्त सोलापूरकरांना गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की, आमचे शेजारी नरसय्याअण्णा कुणालाही वाकून नमस्कार करीत नसत. ते नुसते चालत असत.

गोष्ट बहात्तर-त्र्याहत्तरची. जन्मभर खड्ड्याच्या मागावर बसून चादरी विणल्यानं अण्णांचा उजवा पाय जांघेत आखडला होता. कमरेत वाकून ते साखर पेठेतून निघाले की अनोळखी माणसं गडबडून हात जोडत. अण्णा उखडत, "तुमाला नव्हं ओ, पाय दुखायलाय."

मालकानं बजावलं होतं, दिवाळीपर्यंत पाय सरळ झाला नाही तर मागावर दुसरा बसेल. बायको गेल्यापासून अण्णांना मागाशिवाय होतं कोण?

मी त्यांना दवाखान्यात फिजिओथेरपीच्या बाईंकडं नेलं. बसून बसून जांघेतला स्नायू आखूड झालाय, त्याला हळूहळू ताण द्यायचा, असं बाईंनी समजावलं. अण्णांनी त्यातला 'ताण' तेवढा ऐकला.

"म्हंजे ताणा की," ते खुलले. मागावरच्या उभ्या सुतांना ताणा म्हणतात, आणि तो कसा खेचायचा हे अण्णांना कोण शिकवणार? घरी येऊन त्यांनी पाय असा खेचला की पुढं आठवडाभर नमस्कार थेट जमिनीपर्यंत जात होता.

"अण्णा, हे सूत नाही," बाई कडाडल्या. "तुटलं तर गाठ मारता येणार नाही."

मग रीतसर व्यायाम सुरू झाला. एक गुडघा जमिनीवर टेकून पुढं झुकायचं. मोकळी भिंत एकच, तिच्यावर बायकोचा फोटो. समोरची राजव्वा म्हणे, "होती तवा ऐकलं न्हाय, आता गुडगं टेकतोय बघा."

दवाखान्यात बाई विचारत, "कुठं दुखतंय?" अण्णा जांघेपासून सुरू करून रात्रीची झोप, करपलेली भाकरी, घरातली घूस इथवर जात. बाई ऐकून घेत.

दिवाळी तोंडावर आली आणि परीक्षेचा दिवस उजाडला. टेबलाच्या कडेला उताणं पडून डावा गुडघा छातीशी धरायचा, उजवी मांडी खाली सोडायची. ती फळीला टेकली तर माग अण्णांचा.

मांडी उतरली आणि बोटभर वर अडकली. बाईंनी मांडीवर तळवा ठेवला. "दुखतंय का?"

अण्णा आढ्याकडं बघत राहिले. कधी नव्हे ते गप्प. हळूच मांडी टेकली.

"झालं. सोमवारपासून मागावर बसा," बाई म्हणाल्या. "आता इथं यायची गरज नाही."

मी आनंदानं अण्णांच्या पाठीवर थाप मारली. ते ताठ उभे होते, फक्त चेहरा पडला होता. दारापर्यंत गेले, चपला पायात सरकवल्या आणि वळले.

"बाई, डावा पाय बी बघता का जरा?"