गालातला क्यू

मास्तरांना इंग्रजी शब्दखेळात हरवणारा माणूस अजून जन्माला यायचा होता, असं खुद्द मास्तरांचंच मत होतं! तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच उद्योग आरंभला होता. कुठल्या अक्षराचे कुठले शब्द, याच्या वह्या भरायच्या. झेडची वही वेगळी, एक्सची वेगळी. क्यूची वही तर तिजोरीत ठेवायचीच बाकी होती. क्यूच्या मागोमाग यू येत नाही असे एकतीस शब्द त्यांना तोंडपाठ होते.

त्यामुळे मुलीच्या लग्नाच्या बोलणीसाठी मुलाच्या घरी जायचं ठरलं आणि मुलाचे वडीलही या खेळाचे शौकीन असल्याचं कळलं, तेव्हा मास्तर बोलणी विसरून वह्यांची उजळणी करायला बसले.

"बाबा, मी लग्नानंतर नोकरी सोडणार नाही, हे तेवढं स्पष्ट बोला हं," मुलगी म्हणाली. ती लिफ्टदुरुस्तीची इंजिनियर होती.

"ते माझ्यावर सोड! आधी त्यांना शब्दांत लोळवतो, मग बोलतो. जिंकलेल्या माणसाचं लोक ऐकतात!"

मुलाचे वडील दातांचे डॉक्टर. चहा झाला, पट मांडला गेला, आणि पहिल्या चार डावांतच मास्तरांच्या लक्षात आलं की हा कच्च्या गुरूचा चेला नाही. दोघंही घामाघूम झाले. अक्षरांच्या ठोकळ्यांची पिशवी रिकामी झाली. डॉक्टरांनी आपली शेवटची दोन अक्षरं लावून हात झटकले. तरीही मास्तर चार गुणांनी पुढे!

पण मास्तरांकडे एक अक्षर उरलं होतं. क्यू! उरलेल्या अक्षराचे गुण वजा होतात, आणि क्यूचे असतात दहा. गेला अर्धा तास ते क्यूकडे बघत होते, पण एकतीसच्या एकतीस शब्द ऐन वेळी ढुंगणाला पाय लावून पळाले होते.

डॉक्टर चष्मा पुसत होते. मास्तरांना खोकला आला. हात तोंडावर गेला, आणि खाली आला तेव्हा क्यू डाव्या गालात होता!

कॉपी करणाऱ्या पोरांचे कान तीस वर्षं उपटलेल्या माणसानं हे केलं. लाज वाटली, खरंच वाटली. पण जिंकल्याचा आनंद तिच्यापेक्षा जरासा मोठा होता.

"वा! जिंकलात की!" डॉक्टर म्हणाले. मास्तरांनी नम्रपणे मान हलवली.

आता हात धुवायच्या निमित्तानं उठावं, एवढाच बेत होता. पण डॉक्टर पडले शिस्तीचे. ते अक्षरं मोजून डब्यात भरायला लागले.

"नव्याण्णव! एक कमी आहे. कुणी जागचं हलू नका!"

डॉक्टर टेबलाखाली शिरले, मुलगी सोफ्याखाली. मुलाची आई मात्र मास्तरांसमोर खुर्ची ओढून बसली.

"शोधू देत त्यांना. आपण आपलं बोलू. तुम्ही फार बोलके आहात असं ऐकलं होतं हो!"

"मलाही नवलच वाटतंय," मास्तरांची बायको म्हणाली.

"काका, अजून चहा?" मुलानं विचारलं.

"हूं."

चहा कढत होता. एका गालात क्यू, दुसऱ्या गालात चहा! मास्तरांच्या डोळ्यांना पाणी आलं.

"मुलीच्या आठवणीनं आत्तापासूनच भरून आलं वाटतं!" मुलाची आई विरघळली. "मग पुढच्याच महिन्यात उरकायचं का लग्न?"

"हूं."

बायकोचं कोपर बरगडीत बसलं. घरून निघताना सहा महिन्यांनंतरचं ठरलं होतं.

"आणि लग्नानंतर ती लिफ्टच्या खड्ड्यात उतरायची नोकरी सोडेल ना ती? मला बाई धास्तीच वाटते."

मान हलायची सवयच झाली होती. हलली!

टेबलाखालून डॉक्टरांचं आणि सोफ्याखालून मुलीचं डोकं वर आलं. मुलगी रागावली नव्हती. बरोबर उत्तरावर फुली मिळाल्यावर वर्गातलं पोर बघायचं, तशी ती बापाकडे बघत होती.

"नाही!" मास्तर गरजले. क्यू गालातून सुटला तो थेट डॉक्टरांच्या कपात! "ती नोकरी सोडणार नाही! चार वर्षं खपलीय त्यासाठी पोर. लग्न मोडलं तर मोडलं!"



"अहो, मग तसं बोलायचं की!" मुलाची आई म्हणाली. "मी आपलं विचारलं. करू दे खुशाल!"

"आई, मी तुला दहादा सांगितलं होतं," मुलगा पुटपुटला. मुलगी बापाला खेटून बसली.

डॉक्टरांनी चमच्यानं क्यू बाहेर काढला, पुसला आणि डब्यात ठेवला.

"शंभर," ते समाधानानं म्हणाले. "वजा दहा. म्हणजे मी सहा गुणांनी जिंकलो."

"छे! खेळ संपल्यावर सापडलेलं अक्षर धरत नाहीत!"

लग्न सहा महिन्यांनंतरचं ठरलं, पेढेबिढे वाटून झाले, तरी वाद दारापर्यंत चाललाच होता. शेवटी डॉक्टर म्हणाले, "ते असू द्या. मघाशी ओरडलात तेव्हा खालची डावी दाढ दिसली. किडलीय. उद्या दहाला या."

मास्तर नियमांचं पुस्तक पाठ करूनच गेले. पण बोलायला तोंड रिकामं कुठे होतं! अर्धा जबडा बधिर, दोन्ही गालांत कापसाचे बोळे. डॉक्टर हातात पक्कड घेऊन प्रेमानं वाकले.

"मग व्याही, सहा गुणांनी मीच जिंकलो. मान्य ना?"

"आं! आं आं!" मास्तरांनी जिवाच्या आकांतानं निषेध नोंदवला.

"ऐकलंत ना, सिस्टर?" डॉक्टर म्हणाले. "मान्य आहे म्हणतात."